उभ्या पायांचा हिशेब

(दुकान-कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या निवृत्त शिक्षकाने पायांविषयी बोलावे, याचे तुमच्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी वैद्य नव्हे. औषधे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि तो मी गाजवणारही नाही. परंतु माझ्या विषयाचे शरीरशास्त्राशी असलेले नाते फार जुने आहे. राष्ट्राच्या संपत्तीचा आकड्यांनी हिशेब मांडू पाहणारा सतराव्या शतकातील विल्यम पेटी हा ऑक्सफर्डला शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक होता, आणि आयर्लंडच्या स्थितीवरील आपल्या ग्रंथाला त्याने ‘राजकीय शरीररचना’ असे नाव दिले. १७५८ साली, समाजाच्या एका वर्गाकडून दुसऱ्याकडे संपत्ती कशी फिरते याचा तक्ता मांडणारा फ्रान्स्वा केने हा फ्रान्सच्या राजदरबारातील वैद्य होता. संपत्तीचे अभिसरण आणि रक्ताचे अभिसरण हे दोन विचार असे एकमेकांच्या शेजारीच वाढले. आज मी त्या शेजाराचाच आधार घेणार आहे. पायातील रक्त कुठे अडते हे आधी पाहू, आणि मग ते का अडते, त्याची किंमत कोण मोजतो, याचा विचार करू.

प्रथम पायाची रचना. माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. त्यांपैकी ६० केवळ दोन पायांत आहेत, म्हणजे प्रत्येक पायात ३०. मांडीचे एक, गुडघ्याची वाटी एक, नडगीचे एक, तिच्या बाजूचे बारीक हाड एक, आणि उरलेली २६ घोट्याखालच्या पावलात. मांडीचे हाड हे शरीरातील सर्वांत लांब आणि बळकट हाड. पावलातील लहानलहान हाडे मात्र दगडी कमानीप्रमाणे एकमेकांना टेकून रचलेली असतात. कमान भार पेलते, पण ती लवचीकही असते. चालताना ती दबते आणि पुन्हा उचलली जाते. स्नायू आणि बंध यांनी तिला ताणून धरलेले असते. तासन्तास एकाच जागी कठीण फरशीवर उभे राहिले की हे ताण थकतात आणि तळपाय, टाच, गुडघे, कंबर अशी दुखण्याची चढती मालिका सुरू होते. रात्री पायात गोळे येणे, सकाळी पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येणे, या गोष्टी तुम्हाला सांगाव्या लागत नाहीत.

आता रक्ताकडे वळू. हृदयातून निघालेली महारोहिणी बेंबीच्या पातळीजवळ दुभंगते आणि तिच्या शाखा जांघेतून मांडीत, मांडीतून गुडघ्याच्या मागच्या लवणीत आणि तेथून पुढे पोटरीत व पावलात जातात. पावलाच्या वरच्या बाजूस आणि आतल्या घोट्याच्या मागे बोट ठेवले तर बहुतेकांना ठोका लागतो. खाली जाणारे हे रक्त हृदयाच्या जोराने जाते, आणि उभ्या माणसात गुरुत्वाकर्षणही त्याला साहाय्य करते. खरा प्रश्न परतीच्या प्रवासाचा आहे. पावलातील रक्ताला हृदयापर्यंत चार फुटांची चढण चढायची असते, आणि केशवाहिन्या ओलांडून आल्यावर हृदयाने दिलेला जोर जवळजवळ संपलेला असतो.

ही चढण रक्त कसे चढते? त्यासाठी निसर्गाने दोन योजना केल्या आहेत. पहिली म्हणजे नीलांमधील झडपा. १६०३ साली पादुआचे प्राध्यापक फॅब्रिशियस यांनी या झडपांवर पुस्तक प्रसिद्ध केले. परंतु रक्त पायात साचू नये म्हणून त्याचा वेग कमी करणे हे त्यांचे काम, असा त्यांचा समज होता. त्यांचाच विद्यार्थी विल्यम हार्वी याने १६२८ साली दाखवून दिले की या झडपा केवळ हृदयाच्या दिशेने उघडतात. वर गेलेले रक्त त्या खाली येऊ देत नाहीत. दुसरी योजना म्हणजे पोटरी. पोटरीचे स्नायू आवळले की त्यांच्यामधील खोल नीला पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. स्नायू सैल पडले की खालचे रक्त त्या जागी येते. पोटरीला पायातले हृदय म्हणतात ते उगाच नव्हे. मात्र या हृदयाचा एक स्वभाव आहे. छातीतले हृदय आपण झोपलो तरी चालते. पोटरीतले हृदय पाऊल उचलल्यावाचून चालत नाही.

माणूस स्तब्ध उभा राहिला तर घोट्याजवळच्या नीलांतील दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत चढतो. तोच माणूस चालू लागला की काही पावलांतच हा दाब २५-३० मिलिमीटरपर्यंत उतरतो. एवढी तफावत केवळ चालण्याने पडते. म्हणून दिवसभर माल वाहणाऱ्या हमालाचे पाय दमतात, परंतु दिवसभर काउंटरमागे एकाच जागी उभ्या असलेल्या मुलीचे पाय सुजतात. दोघांच्याही कष्टात फरक नाही, पण शरीरावर होणारा परिणाम वेगळा आहे.

वर्षानुवर्षे वाढलेल्या दाबाने नीला रुंदावतात. त्या रुंदावल्या की झडपेच्या दोन पाकळ्या एकमेकींना मिळेनाशा होतात, रक्त खाली गळू लागते, दाब आणखी वाढतो आणि त्या खालची झडपही निकामी होते. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही. त्वचेखाली निळसर, वेड्यावाकड्या, गाठीगाठींच्या शिरा दिसू लागतात. संध्याकाळी घोटे सुजतात, पोटरी जड होते. पुढे घोट्याच्या वरची त्वचा काळवंडते, खाज सुटते, आणि अखेरीस आतल्या बाजूस अशी जखम होते की ती महिनोन्महिने भरत नाही. या विकाराला आनुवंशिकता, बाळंतपणे, वय आणि वजन ही कारणेही आहेत. सारा दोष उभे राहण्यावर टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु उभे राहण्याचा वाटा नाकारणेही तितकेच अशास्त्रीय आहे. डेन्मार्कमध्ये बारा वर्षे चाललेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की मुख्यतः उभ्याने काम करणाऱ्या स्त्रीपुरुषांना फुगलेल्या शिरांसाठी इस्पितळात दाखल होण्याचा धोका इतरांच्या पावणेदोन पटींच्या आसपास होता.

येथे व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो, कारण त्या जिवाशी निगडित आहेत. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, गरम लागली, तर ते थकव्याचे लक्षण समजून चोळत बसू नका. खोल नीलेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. त्याच दिवशी इस्पितळ गाठले पाहिजे. दुसरी गोष्ट अशी की सगळे पायदुखणे एका जातीचे नसते. पाय उंचावर ठेवल्याने आराम पडतो ते दुखणे बहुधा नीलांचे. उलट, ठराविक अंतर चालल्यावर पोटरीत कळ येते, थांबल्यावर जाते, आणि रात्री पाय खाली सोडल्याने बरे वाटते, ते दुखणे रोहिणीचे. तिथे रक्त पोहोचतच नाही. अशा पायाला घट्ट पट्टी किंवा घट्ट मोजे घातले तर उरलेसुरले रक्तही थांबेल. म्हणून कोणाच्या सांगण्यावरून मोजे विकत घेण्यापूर्वी डॉक्टरांकडून पायाचे ठोके तपासून घ्या.

रोहिणीच्या दुखण्यात गरिबाघरचा एक विकार विशेष आहे. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी १९०८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून तो बर्गरचा रोग म्हणून ओळखला जातो. ऐन उमेदीतील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या हातापायांच्या लहान रोहिण्या सुजून बंद होतात. बोट काळे पडते, मग पाऊल, आणि पुष्कळदा पाय कापावा लागतो. आपल्या देशात या रोग्याच्या हातात बहुधा विडी असते. तंबाखू पूर्णपणे सोडणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय. विडी ओढणाऱ्याचा पाय जातो, आणि ती विडी वळणारी बाई दिवसभर जमिनीवर मांडी घालून, सूप मांडीवर घेऊन बसते. तिच्या कमरेला आणि गुडघ्यांना कायमची ओढ लागते. एकाच वस्तूने तिच्या दोन्ही टोकांना असलेल्या गरिबाचे पाय जायबंदी करावेत, हे आपल्या अर्थव्यवस्थेचे एक बोलके चित्र आहे.

मधुमेहाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तो आता केवळ श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही. मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू बोथट होते. खडा टोचला, चप्पल चावली, कुरूप चिघळले, तरी कळत नाही. वेदना ही पायाची राखणदार. ती गेली की घर उघडे पडते. रोज रात्री दिवा घेऊन तळपाय पाहणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणे आणि अनवाणी न चालणे, हे उपाय साधे आहेत. परंतु पायात धड चप्पल नसणाऱ्याला, किंवा पावसाळ्यात गुडघाभर चिखलात भातलावणी करून चिखल्यांनी बोटे कुजलेल्या स्त्रीला ते सांगताना आपला आवाज थोडा खाली आला पाहिजे.

विदर्भातील मंडळींना हत्तीपायाविषयी वेगळे सांगायला नको. तेथे बिघडते ते रक्ताचे नव्हे, लसिकेचे अभिसरण. घाण पाण्यावर पोसलेल्या डासांमार्फत सूक्ष्म कृमी शरीरात शिरतात आणि लसिकावाहिन्या निकामी करतात. २००४ पासून देशात रोगग्रस्त जिल्ह्यांत सर्वांना वर्षातून एकदा औषध देण्याची मोहीम चालू झाली. या औषधाने संसर्ग थांबतो. एकदा सुजलेला पाय मात्र पूर्वीसारखा होत नाही. त्याला रोज साबणपाण्याने धुऊन कोरडा ठेवावा लागतो. रोग पायात दिसतो, पण त्याचे मूळ उघड्या गटारात असते. ते गटार बुजवणे हे रोग्याच्या हातात नसते, नगरपालिकेच्या हातात असते.

माझा मुख्य मुद्दा येथे येतो. पायाचे दुखणे हे ज्याचे त्याचे नशीब, ज्याचे त्याचे वय, असे समजण्याची आपल्याला सवय लागली आहे. १७०० साली इटलीतील मोदेना येथील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने ही सवय मोडू पाहिली. कामगारांच्या रोगांवर त्याने पहिला पद्धतशीर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला ‘तू काम काय करतोस’ हा प्रश्न विचारण्याची शिकवण वैद्यांना दिली. उभ्याने काम करणाऱ्यांवर त्याने स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यात फुगलेल्या शिरांचा उल्लेख आहे आणि मधूनमधून बसावे, चालावे, हालचाल करावी असा सल्लाही आहे. बसून काम करणाऱ्यांवरही त्याचे एक प्रकरण आहे. म्हणजे जे ज्ञान आज आपण नवे म्हणून ऐकतो, ते तीनशे वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे. तरीही दुकानात स्टूल नसते. मग अडले कुठे?

अडले ते हिशेबात. कार्ल विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की उत्पादनाचा सगळाच खर्च मालकाच्या खतावणीत चढत नाही; त्याचा मोठा भाग कामगारावर, शेजाऱ्यांवर आणि निसर्गावर ढकलला जातो, आणि जो ढकलता येतो तो मोजलाच जात नाही. धुराड्याचा धूर आपल्याला दिसतो म्हणून हा विचार तिथे पटकन पटतो. पण काउंटरमागे फुगणारी शीर हाही तसाच ढकललेला खर्च आहे. दुकानाच्या सजावटीचा, दिव्यांचा, वातानुकूलनाचा खर्च वहीत येतो. दहा वर्षांनंतरची शस्त्रक्रिया, बुडालेला रोजगार, रात्रीचे पेटके, पन्नाशीत आलेले थकलेपण, हे सारे कर्मचाऱ्याच्या घरच्या खर्चात जमा होते. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत शिशाची विषबाधा, सिलिकोसिस यांसारखे व्यवसायजन्य रोग नोंदले गेले. उभ्या कामाने फुगणाऱ्या शिरांना त्या यादीत जागा मिळाली नाही. ज्याला कायद्यात नाव नाही, त्याचा हिशेब कोणी मागत नाही.

बसण्याचा प्रश्न कायद्याला अगदीच अपरिचित होता असेही नाही. ब्रिटनमध्ये १८९९ साली दुकानातील दर तीन स्त्री-कर्मचाऱ्यांमागे एक आसन ठेवण्याचा कायदा झाला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमाने उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय आवश्यक ठरवली, आणि २०२० च्या संहितेतही तशी तरतूद आली. १९६४ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने व्यापार व कार्यालयांसाठी केलेल्या करारात एक महत्त्वाची पुस्ती जोडली. पुरेशी आसने तर हवीतच, पण ती वापरण्याची वाजवी संधीही मिळाली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. या दुसऱ्या अर्ध्या वाक्यातच सारे मर्म आहे. कोपऱ्यात स्टूल ठेवून त्यावर बसणाऱ्याचा पगार कापला, तर ते स्टूल केवळ निरीक्षकाला दाखवण्याची वस्तू ठरते.

दुकानांच्या बाबतीत आपल्या देशात ही कोंडी फोडली ती केरळच्या स्त्रियांनी. कोळिकोडच्या बाजारपेठेत काम करणाऱ्या स्त्रियांना शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी संघटित केले. पहिली मागणी स्वच्छतागृहाची होती, कारण दिवसभर लघवीला जाता येत नाही म्हणून या स्त्रिया पाणीच पीत नसत. त्यातून पुढे बसण्याच्या हक्काची मागणी आली. २०१४ च्या अखेरीस त्रिशूरमधील एका मोठ्या साडी-दुकानातील काही विक्रेत्या याच प्रश्नावर धरणे धरून बसल्या. अखेर २०१८ साली केरळ सरकारने दुकानविषयक कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक केली. २०२१ साली तमिळनाडूनेही तसेच केले. कोणा तज्ज्ञाच्या अहवालाने हे घडले नाही. ज्यांचे पाय दुखत होते त्यांनीच ते घडवून आणले.

यावर मालकांचा आक्षेप ठरलेला असतो. बसलेला कर्मचारी आळशी दिसतो, गिऱ्हाइकाचा मान राहत नाही. या आक्षेपात आरोग्याचा किंवा नफ्याचा मुद्दाच नाही. आहे ती जुनी सरंजामी दृष्टी. धन्यासमोर चाकराने बसू नये, अमक्या जातीच्या माणसाने तमक्याच्या ओसरीवर टेकू नये, सासऱ्यासमोर सुनेने बसू नये, हे नियम ज्या समाजाने शतकानुशतके पाळले, त्याच समाजाच्या झगझगीत दुकानात तोच नियम गणवेश घालून उभा आहे. गिऱ्हाईक म्हणून आपणही यात सामील असतो. आपण दुकानात शिरताच कोणी लगबगीने उठून उभे राहावे, याचे आपल्याला सुख वाटते. ते सुख आपण सोडायला हवे.

काही हितचिंतक सांगतात की कर्मचारी बसले तर त्यांची कार्यक्षमता वाढेल, म्हणून मालकाने स्टूल द्यावे. हा युक्तिवाद वापरायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका. उद्या एखाद्या हिशेबनिसाने उभ्या कर्मचाऱ्याकडून अधिक विक्री होते असे दाखवले तर काय कराल? शरीर राखण्याचा हक्क विक्रीच्या आकड्यावर टांगून ठेवता येत नाही.

तसेच ही लढाई केवळ बसण्याची आहे असेही मानू नका. विडी वळणारीला बसणेच जाचते. संगणकापुढे दहा तास बसणाऱ्या तरुणाच्या पोटऱ्याही तितक्याच निश्चल असतात. पोटरीच्या पंपाला हवी असते ती हालचाल. म्हणून आपली मागणी नेमकी मांडायची तर ती अशी : कामाच्या वेळात शरीराची स्थिती बदलण्याचे स्वातंत्र्य. उभ्याने काम करणाऱ्याला बसता यावे, बसून काम करणाऱ्याला उठता यावे, दोघांनाही चार पावले टाकता यावीत, आणि तहान, लघवी यांसाठी कोणाची परवानगी मागावी लागू नये. आठ तासांचा दिवस मिळवताना कामगार चळवळीने काळाची लांबी कमी केली. त्या आठ तासांच्या आत माझ्या देहावर सत्ता कोणाची, हा प्रश्न अजून शिल्लक आहे.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी आणि आदिवासी सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला आले. फोड फुटलेल्या, सोललेल्या तळव्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत आली आणि शहराचे मन हलले. लोकांनी पाणी आणले, चपला आणल्या. ही माणुसकी खरी होती. तिचा मी आदर करतो. परंतु पाय रक्ताळल्यावरच ते दिसावेत, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. तुमच्या पायांतील रक्त बाहेर सांडत नाही. ते आतल्या आत साचते, आणि म्हणून कोणाच्या छायाचित्रात येत नाही.

तेव्हा या वर्गातून जाताना तीन कामे घेऊन जा. आपापल्या दुकानात किती माणसे किती तास उभी असतात, स्टुले किती आहेत आणि त्यांवर बसू दिले जाते का, याची नोंद करा. आकड्यांवाचून मागणी दुबळी राहते. डॉक्टरांकडे जाल तेव्हा ते विचारोत वा न विचारोत, आपले काम काय आणि किती तास उभे राहावे लागते हे केसपेपरवर लिहून घ्या. व्यवसायजन्य रोगांच्या यादीत नाव घालायचे तर पुरावा अशा कागदांतूनच उभा राहील. आणि तिसरे, संघटनेच्या मागणीपत्रात पगारवाढीच्या खाली, शेवटच्या ओळीत नव्हे, तर तिच्या शेजारी या मागणीला जागा द्या. पगार महिन्याचा असतो. पाय मात्र जन्मभर पुरवायचे असतात.